अर्जदारास स्थानिक उमेदवार समजू नये, याबाबत

प्रति,
मा. परवानगी अधिकारी,
तात्पुरते परदेशी कामगार विभाग,
रोजगार कार्यालय, दुसरा मजला.

अर्जदार: निवृत्त क्रेनचालक, राहणार गोदीमागची गल्ली, इस्त्रीच्या दुकानावरचा मजला.

विषय: पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेल्या पत्नीच्या शुश्रूषेसाठी पूर्वीच्याच परदेशी कामगार बाईंना पुन्हा नेमण्याची परवानगी मिळण्याबाबत, तसेच या कामासाठी अर्जदार हाच "उपलब्ध स्थानिक मनुष्यबळ" असल्याचा शेरा रद्द होण्याबाबत.

संदर्भ: १) आपल्या कार्यालयाचे नामंजुरीचे पहिले पत्र. २) नामंजुरीचे दुसरे पत्र. ३) तपासनीस साहेबांचा गृहभेटीचा अहवाल.

महोदय,

खाली सही करणारा अर्जदार हात जोडून (एक हात सध्या गळ्यात बांधलेला असल्याने मनातल्या मनात जोडून) पुढीलप्रमाणे सादर करतो:

१. अर्जदाराने उभी हयात गोदीत क्रेन चालवण्यात घालवली. बोटीतून उतरणारे लोखंड, गिरण्यांची यंत्रे, एकदा तर आगगाडीचा अख्खा डबा त्याने उंचावरच्या काचेच्या खोलीत बसून, कुणाला धक्का न लावता धक्क्यावर ठेवला. हे लिहिण्यात बढाई मारण्याचा हेतू नाही. पुढे माणूस उचलण्याचा विषय येणार आहे, आणि ओझ्याची भीती वाटणारा हा इसम नाही, एवढे आपल्या ध्यानी यावे. मात्र ती ओझी दांडा ओढून उचललेली होती. हातांनी त्याने फारसे काही उचलले नाही. पत्नी त्यावरून नेहमी टोचून बोलत असे, "बाहेर बोटी रिकाम्या करता, घरात एक बादली भरून ठेवायचं होत नाही तुमच्याच्याने."

२. अर्जदाराची पत्नी बायकांचे कपडे शिवीत असे. गल्लीतल्या बहुतेक बायकांची मापे तिला तोंडपाठ होती आणि कुणाचे वजन कधी वाढले हे ती तोंडावर सांगे. गिऱ्हाईक दुखावले तरी परत तिच्याकडेच येई, कारण शिलाई तशी होती. एका दुपारी ती मशीनवर बसली होती आणि अर्जदार पलीकडच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत होता. मशीन न थांबता चालल्याचा आवाज येत राहिला. आज हिने कामाचा सपाटा लावला आहे असे त्याला वाटले. चहाच्या आशेने तो उठून गेला तेव्हा ती मशीनवर कलंडली होती आणि तिचा पाय मशीनच्या विजेच्या पेडलवर तसाच दाबलेला होता. सुई एकाच जागी टाके घालीत होती. त्या दिवसापासून तिची उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. तिला कळते सगळे. राग, हसू आणि मते पूर्वीइतकीच आहेत. ती बाहेर काढायला वाट नाही.

३. परदेशातून माणूस आणण्याची हौस अर्जदाराला नव्हती. आधी मुलगी येऊन राहिली. ती दूरच्या शहरात असते, पदरात दोन लहान मुले आहेत. तिच्या नोकरीवर गदा यायची वेळ आली तेव्हा पत्नीनेच डाव्या हाताने तिला दाराकडे ढकलले. नंतर संस्थेमार्फत एक बाई आल्या, त्यांची कंबर धरली. दुसऱ्या बाई फार चांगल्या होत्या, पण दुपारनंतर त्यांना स्वतःच्या सासूकडे बघायचे होते. तेव्हा नाइलाजाने आपल्या कार्यालयाकडे अर्ज केला. ज्याची शुश्रूषा करायची तोच मालक, असा नियम असल्याने परवानगी पत्नीच्या नावे झाली. तिचा डाव्या हाताचा अंगठा घेतला गेला. त्या वेळच्या साहेबांनी काही विचारले नाही.

४. अशा रीतीने सदर कामगार बाई घरी आल्या. आपल्या कागदांवर त्यांचा उल्लेख "परदेशी कामगार, गृह-शुश्रूषा" असा आहे. घरात त्यांना ताई म्हणतात. या अर्जातही तेच नाव आले आहे आणि एकेरीही आले आहे, कारण घरच्या माणसाबद्दल सांगताना तोंडात तसेच येते. त्याबद्दल क्षमा असावी.

ताई ठेंगणी, चाळिशीच्या पुढची. आल्या आल्या ती अर्जदाराशी बोललीच नाही. पलंगाशी जमिनीवर बसली, म्हणजे पत्नीला मान वर न करता तिचे तोंड दिसावे, आणि आपले मनगट तिने पत्नीच्या डाव्या हातात दिले. बराच वेळ दोघी तशाच होत्या. आपली भाषा तिला जेमतेम येत होती. दुसऱ्या दिवशी तिने अर्जदाराला स्वयंपाकघरात येऊन सांगितले, "काका, काकू रागावला. चहा थंड झाली." ते पलंगावर ऐकू गेले आणि आजारपणानंतर पत्नी पहिल्यांदा हसली.

पुढे ताईने तिला खिडकीशी उन्हात बसवायला सुरुवात केली. मशीनवरचा धूळ खात पडलेला कपडा काढून ताई स्वतः बसू लागली. पत्नी शेजारी खुर्चीत. टाका वाकडा गेला की पत्नी तिच्या मनगटावर चापट मारी आणि ताई निमूटपणे उसवी. शिवणकाम परवान्यात नमूद नाही याची अर्जदाराला जाणीव आहे. तरी ते पडदे घरचेच होते, हे येथे स्पष्ट करतो.

५. परवानगीची मुदत संपत आली तेव्हा नियमाप्रमाणे मुदतवाढ मागितली. त्यावर आपल्या कार्यालयाचे पत्र आले की मालकाने दूरध्वनीवरून स्वतः मुलाखत द्यावी. अर्जदाराने डॉक्टरांचा दाखला जोडून कळवले की मालकाला बोलता येत नाही. उत्तर आले की मालकाव्यतिरिक्त अन्य व्यक्तीचे म्हणणे ग्राह्य धरता येत नाही.

ठरल्या वेळी ताईने पत्नीचे केस विंचरले, पाठीशी दोन उशा दिल्या आणि फोन कानाशी धरला. पलीकडून एका मॅडमचा आवाज आला, "आपण मालक बोलताय ना?" पत्नीने प्रयत्न केला. तिचे तोंड लाल झाले, कपाळाची शीर फुगली, आणि घशातून नुसता घरघर असा आवाज निघाला. मॅडम म्हणाल्या, "मोठ्याने बोला, ऐकू येत नाही." पत्नीने पुन्हा प्रयत्न केला. तेव्हा अर्जदाराला राहवेना. त्याने फोन घेऊन सांगितले, "मॅडम, तिला बोलता येत नाही. म्हणून तर ही बाई ठेवलीय."

"आपण कोण?"

"मी नवरा."

"मग मालकांना स्वतः सांगू द्या की त्यांना बोलता येत नाही."

अर्जदार मॅडमना दोष देत नाही. त्यांच्यापुढे प्रश्नांचा कागद असणार आणि त्यावर नवऱ्यासाठी जागा नसणार. परंतु पत्नीने त्या दिवशी भिंतीकडे तोंड केले ते संध्याकाळपर्यंत फिरवले नाही. पुढे पत्र आले, "मालकाने मुलाखतीत सहकार्य न केल्याने अर्ज नामंजूर." (संदर्भ १)

६. अर्जदार आपल्या कार्यालयात आला. लिफ्ट बंद होती. खिडकीवरचे लिपिक सज्जन निघाले. अर्जदाराला आधी बसू दिले, पाणी दिले, आणि आवाज खाली आणून म्हणाले, "काका, यातून एकच वाट आहे. तुम्ही स्वतः मालक व्हा आणि नव्याने अर्ज करा. फक्त सगळं पहिल्यापासून करावं लागेल. जाहिरात, मुलाखती, स्थानिक माणूस का चालत नाही त्याची कारणं."

"आणि तोवर ताई?"

"अर्ज चालू असेपर्यंत राहतील. पण देश सोडायचा नाही. गेल्या, तर जागा रिकामी धरतात."

जाहिरात दिली. पहिला उमेदवार टॅक्सीचालक होता. आजाऱ्याची ने-आण करायची आहे अशा समजुतीने तो गाडी घेऊनच आला होता. दुसरी एक धडधाकट, मायाळू तरुण मुलगी होती. ती पत्नीजवळ बसली, तिचा हात हातात घेतला आणि हुंदके देऊन रडू लागली. तिची आई अशीच गेली होती. निघताना तीच म्हणाली, "काका, मला रोज इथे यायचं म्हणजे रोज तेच बघायचं. नाही जमायचं." तिसरे एक निवृत्त पहारेकरी होते, वयाने अर्जदाराहून वडील. त्यांनी आपली झोपायची जागा कुठली, सकाळी गरम पाणी मिळेल का आणि गुडघ्याला तेल कोण लावील, याची चौकशी केली. त्यांना चहा पाजून, हाताला धरून, जिना उतरवून दिला. नाकारण्याच्या कारणांत अर्जदाराने लिहिले, "उमेदवारालाच कामगाराची गरज आहे." कारण उपहासात्मक असल्याचा शेरा मारून आपल्या कार्यालयाने तो कागद परत पाठवला. तो उपहास नव्हता. अर्जदाराने पुन्हा "वयोमर्यादा" असे लिहून पाठवले आणि ते मान्य झाले.

७. अर्ज असा लोंबकळत असताना एका सकाळी अर्जदार मागच्या गॅलरीत गेला. ताई कपडे वाळत घालत होती. तोंडात चिमटे धरलेले होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होते. काय झाले म्हणून विचारले तर चिमटे न काढताच तिने मान हलवली. दुपारपर्यंत पत्नीच्याही ते लक्षात आले. तिने ताटलीवर चमचा आपटून आपटून विचारले. तेव्हा ताई पलंगाच्या कडेला बसून म्हणाली, "आई आजारी. दवाखान्यात. भाऊ रोज फोन करते, ये म्हणते."

"मग सांगितलं का नाहीस?" अर्जदाराने विचारले.

"गेलं तर परत येऊ देत नाही, काका. अर्ज चालू आहे."

यावर जा म्हणायला हवे होते. अर्जदाराच्या तोंडून तो शब्द निघेना. डोळ्यांपुढे पलंग, न्हाणीघर, दोन्हींमधले अंतर एवढेच दिसत होते. तो उठून पलीकडे गेला.

संध्याकाळी ताई सूप घेऊन बसली तर पत्नीने तोंड उघडले नाही. चमचा ओठांशी आला की ओठ घट्ट. ताईला वाटले बेचव झाले असेल, तिने मीठ घालून आणले. तेच. मग पत्नीने डावा हात उचलून कपाटाच्या वर बोट दाखवले. तिथे ताईची बॅग होती.

"काकू, खा. मी जात नाही."

पत्नीने वाडगा उलटा केला.

दुसऱ्या दिवशीही तेच. सकाळी नाही, दुपारी नाही, अर्जदाराच्या हातूनही नाही. पाणी मात्र घेई. तिचा हट्ट अर्जदाराला संसारभर माहीत आहे. एकदा गिऱ्हाइकाने शिलाईवरून वाद घातला तेव्हा तिने तो शिवलेला कपडा परत उसवून, घड्या घालून हातात दिला होता. ती माणसाला अडवून ठेवणाऱ्यांतली नाही, मग मरण आले तरी. अखेर अर्जदाराने स्टूल ओढले, वर चढला आणि बॅग काढून जमिनीवर ठेवली. बॅग जमिनीला टेकली तशी पत्नीने तोंड उघडले. ताईने तिला भरवले. दोघीही एकमेकींकडे बघत नव्हत्या.

८. ताई गेली. जाताना तिने अर्जदाराला सगळे पुन्हा पुन्हा करून दाखवले. कुशीवर कसे वळवायचे, चादर खालून कशी ओढायची, पलंगावरून खुर्चीत नेताना उचलायचे नाही, सरकवायचे. "काका, पाय आधी. तुमचा पाय, मग काकूचा." अर्जदार शिकला. आरंभी नाकी नऊ आले, नंतर जमू लागले. वेणी त्याला शेवटपर्यंत जमली नाही. पत्नी कंगवा हिसकावून घेई आणि एका हाताने जमेल तसे केस मागे सारी.

९. याच काळात तपासनीस साहेबांच्या भेटीचे पत्र आले. सरकारी माणूस घरी येणार म्हणून अर्जदाराने आदल्या दिवशी फरशी पुसली, भांडी जागच्या जागी लावली, पत्नीला तिने स्वतः शिवलेला निळा झगा घातला. हीच त्याची चूक झाली असे आता मुलगी म्हणते.

साहेब तरुण होते, अदबीने बोलत होते, चहाला नको म्हणाले. त्यांनी पलंग पाहिला, पत्नीची पाठ पाहू का असे विचारून पाहिली. जखम नव्हती. औषधे पाहिली. मग कौतुकाने म्हणाले, "फार छान ठेवलंय हो, काका. कोण करतं हे सगळं?"

महोदय, आयुष्यात घरातल्या कामाबद्दल अर्जदाराचे कौतुक कुणी केले नव्हते. त्याची छाती फुगली. तो म्हणाला, "मीच."

या एका शब्दावर आपले दुसरे पत्र आले आहे. अहवालात लिहिले आहे, "रुग्णाची व्यवस्था समाधानकारक. अर्जदार स्वतः स्थानिक, सक्षम व सदर कामासाठी उपलब्ध. परदेशी कामगाराची गरज सिद्ध होत नाही." मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, निदान थोडा पसारा तरी ठेवायचा." अर्जदार त्यावर विचार करत बसला. पसारा ठेवता आला असता. पण पसारा म्हणजे पत्नीचे अंथरूण, आणि ती त्यात पडलेली असते.

१०. ते पत्र आल्यानंतर थोड्याच दिवसांनी घडलेली घटना अहवालात नाही, म्हणून ती सविस्तर मांडणे भाग आहे. सकाळी अर्जदार पत्नीला न्हाणीघरात खुर्चीवर बसवत होता. नळ सुरू होता. ताईने सांगितल्याप्रमाणे त्याने आधी आपला पाय टाकला आणि तोच घसरला. पत्नी पडू नये म्हणून त्याने तिला धरून ठेवले, त्यामुळे तो खाली आणि ती त्याच्या अंगावर अशी दोघे फरशीवर आली. खांद्यात काहीतरी निखळल्याचे त्याला ऐकू आले. हात हलेना. पत्नीला बाजूला करता येईना आणि तिला स्वतःला होता येईना. अर्जदाराने हाका मारल्या. खाली दुकानात रेडिओ चालू होता. पाणी वाहत होते, आणि पत्नीचे डोके त्याच्या हनुवटीखाली होते. तिचे अंग गदगदत होते. ती हसत होती की रडत होती, ते त्याला अजून ठरवता आलेले नाही. तिच्या केसांतून साबणाचे पाणी त्याच्या तोंडात जात होते. तो तिला म्हणत राहिला, "येईल कुणीतरी. येईल."

पाणी झिरपून खालच्या छतातून इस्त्री केलेल्या कपड्यांवर पडू लागले तेव्हा इस्त्रीवाला भांडायला वर आला. तो बाहेरून ओरडत होता, "काका, सगळे कपडे भिजवलेत माझे." आतून उत्तर आले ते ऐकून त्याने खांदा मारून बाहेरच्या दाराची कडी तोडली. न्हाणीघराच्या दारातच तो थबकला, पहिल्यांदा त्याने खुंटीवरचा टॉवेल ओढून पत्नीवर टाकला आणि मग नळ बंद केला. भिजलेल्या कपड्यांचा विषय त्याने त्यानंतर काढलेला नाही.

पत्नीला ईश्वरकृपेने मुका मार लागला. अर्जदाराचा खांदा जागेवर बसवून हात बांधला आहे. प्रस्तुत अर्ज इस्त्रीवाल्याने लिहून घेतला आहे. अक्षर त्याचे, म्हणणे अर्जदाराचे. सकाळी त्याची बायको वर येऊन पत्नीचे सगळे करते, दुकान बंद केल्यावर तो स्वतः येतो. परंतु शाळा सुरू झाल्या की त्यांच्याकडे गणवेशांचा ढीग लागतो. त्याने हे वाक्य लिहायला नकार दिला होता. अर्जदाराच्या आग्रहावरून लिहिले आहे.

११. प्रत्येक स्थानिक उमेदवार नाकारताना मालकाने कारण द्यावे असा आपला नियम आहे. आपल्या कार्यालयाने अर्जदारालाच उमेदवार ठरवल्यामुळे त्यालाही त्याच रीतीने नाकारणे प्राप्त आहे. म्हणून अर्जदार मालक या नात्याने असे नमूद करतो की सदर उमेदवाराचा एक हात बांधलेला आहे आणि डॉक्टरांच्या मते तो पूर्ववत होणार नाही. क्रेनच्या आवाजाने त्याचा डावा कान गेला आहे आणि पत्नीने पलंगाची दांडी वाजवलेली त्याला पलीकडच्या खोलीत ऐकू येत नाही. मागच्या वेळी वयोमर्यादेचे कारण मान्य झाले होते, ते येथेही लागू आहे.

आणखी एक कारण आहे, ते लिहावे की नाही यावर बराच वेळ गेला. अर्जदार अंघोळ घालतो तेव्हा पत्नी डोळे मिटून घेते. ताई घालत असे तेव्हा ती डोळे उघडे ठेवून पाण्याच्या तांब्याकडे बघत असे, कधी ताईच्या तोंडावर पाणीही उडवी. अर्जदाराने एकदा विचारले, "मी करतो ते आवडत नाही का?" तिने डोळे उघडले नाहीत. जी बाई जन्मभर नवऱ्यासमोर कधी विस्कटलेल्या केसांनी आली नाही, तिला या अवस्थेत त्याच्याच हातात रोज जावे लागते. हे कारण आपल्या कुठल्या सदरात बसते ते माहीत नाही. पण ते उपहासात्मक नाही.

१२. ताई घरी पोचली तेव्हा तिची आई शुद्धीवर होती. मायलेकींची भेट झाली. नंतर आई गेली. तिचे सर्व करून ताई आता भावाकडे आहे. दर आठवड्याला फोन करते. अर्जदार फोन पत्नीच्या कानाशी धरतो. ताई तिकडून आपली मोडकीतोडकी वाक्ये बोलत असते आणि पत्नी नुसती ऐकते. मग फोन अर्जदाराकडे येतो.

गेल्या वेळी ताईने सांगितले की दुसऱ्या एका देशात तिच्यासाठी घर ठरले आहे. तिथली परवानगी आली आहे, तिकीटही ते लोक पाठवतील. तिने त्यांना थांबवून ठेवले आहे. "काकाचा उत्तर आला की सांगते, असं बोललं मी." अर्जदार तिला दर वेळी एकच सांगतो, "साहेब बघतायत." ती म्हणते, "बरं." तिच्यामागे भावाचा संसार आहे आणि त्या घरचे लोक तिच्यासाठी फार दिवस थांबणार नाहीत, हे तिला कळते. अर्जदारालाही कळते. पत्नीने हे ऐकल्यापासून ती पुन्हा भिंतीकडे तोंड करून असते.

तरी मायबाप सरकारने कृपाळू होऊन:

(अ) अर्जदार "स्थानिक, सक्षम व उपलब्ध" असल्याचा शेरा रद्द करावा. यांपैकी तो केवळ स्थानिक आहे.

(आ) जागा रिकामी झाल्याचे कारण पुढे न करता, नव्याने जाहिरात न मागता, पूर्वीच्याच कामगार बाईंना परत येण्याची परवानगी द्यावी. आवश्यक वाटल्यास साहेबांनी पुन्हा घरी यावे, न कळवता यावे. या खेपेस काहीही आवरून ठेवले जाणार नाही, कारण आवरणारा हात राहिलेला नाही.

(इ) वरील दोन्ही गोष्टी शक्य नसतील तर निदान नकार तरी लवकर द्यावा. तो "गरज सिद्ध होत नाही" असा नसावा, कारण ते वाचून ताई थांबूनच राहील आणि गरज सिद्ध करायला निघेल. परवानगी कधीही मिळणार नाही, आशा धरू नये, दुसरीकडची जागा घ्यावी, अशा साध्या वाक्यांत तो असावा, म्हणजे तिला समजेल. खाली आपला शिक्का असावा. अर्जदार तो फोनवर जसाच्या तसा वाचून दाखवील. पत्नीने तिला एकदा सोडले, तेव्हा अर्जदाराला फक्त बॅग खाली काढायची होती. आता बोलायचे त्यालाच आहे, आणि दर वेळी तोंडाशी आलेले शब्द गिळून तो "साहेब बघतायत" असे म्हणतो. स्वतःच्या शब्दांत तिला मोकळी करण्याची त्याची छाती होत नाही, म्हणून आपले शब्द मागत आहे.

मंजुरी असो वा नकार, उत्तराची वाट पाहणारा,

आपला नम्र,

(डाव्या हाताची सही)
निवृत्त क्रेनचालक

(अंगठा, डावा)
अर्जदाराची पत्नी

दिनांक: टपालाच्या शिक्क्याप्रमाणे.

सोबत:
१) पत्नीच्या वाचेबाबत डॉक्टरांचा दाखला (पूर्वी दोनदा सादर केलेला).
२) अर्जदाराच्या खांद्याबाबत दाखला.
३) इस्त्रीवाल्याचे निवेदन, त्याने दार का तोडले याबद्दल.
४) अर्जदाराचा पत्ता लिहिलेला, तिकीट लावलेला रिकामा लिफाफा.